एका भोकाची नाकपट्टी

त्यांचं खरं नाव दवाखान्याच्या कागदांवर तेवढं उरलं होतं. बाकी सगळ्यांसाठी ते दोनबोटे. बायको तोंडावर ‘अहो’ म्हणायची, पण मनातल्या मनात काळजी करताना तीही ‘आमचे दोनबोटे’च म्हणायची. आणि काळजी तर ती सकाळी डोळा उघडल्यापासून करायची.

ते घोड्यांचं चामडी सामान बनवत. लगाम, खोगिराचे पट्टे, सगळंच; पण नाव झालं ते नाकपट्टीमुळे. नाकपट्टी म्हणजे घोड्याच्या नाकाभोवती, डोळ्यांच्या खालच्या बाजूनं, बसणारा पट्टा. तो किती आवळायचा याला साधा नियम आहे: पट्टा आणि नाकाचं हाड यांच्यामध्ये माणसाची दोन बोटं सहज गेली पाहिजेत. तेवढी जागा असेल तर घोडा जबडा हलवतो, जीभ फिरवतो, दुखलं तर तोंड उघडून सांगतो. आवळला की तोंड मिटतं. गाल आतून दातांवर घासून फाटतात, पण बघणाऱ्याला वाटतं, वा, काय शांत घोडा!

“नाक दाबलं की तोंड उघडतं ही म्हण माणसांची,” दोनबोटे म्हणायचे. “घोड्याचं उलटं. नाक दाबलं की तोंड बंद. आणि वर लगामाचे हिसके. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.”

नियम सगळ्यांनाच माहीत होता. पाळत कोणी नव्हतं. पट्टा सैल असायचा, घोडा मान झटकायचा, की स्वार आणखी एक भोक आत सरकवायचा. म्हणून ऐन उमेदीत दोनबोट्यांनी एक युक्ती काढली. ते स्वतः तबेल्यात जायचे. घोड्याच्या नाकावर, बरोबर मधल्या हाडावर, आपली दोन बोटं ठेवायचे, त्यावरून फीत गुंडाळायचे, खूण करायचे. घरी येऊन त्या घोड्याची पट्टी कापायची आणि तिला एकच भोक पाडायचं. बक्कल लागेल ते तिथेच. आवळायचं म्हटलं तरी आवळता येणार नाही.

“आणि घोडा जाड झाला तर?” लग्न नवं असताना बायकोनं विचारलं होतं.

“पोटानं होईल की! नाकावर नुसतं हाड असतं. हाडावर चरबी चढत नाही आणि उतरतही नाही.”

गालावर बोटं घालून मोजणारे त्यांना मुळीच खपत नसत. “गालावर काय, अख्खा हात जातो. उशीवर तराजू ठेवून वजन करता का कधी?”

त्यांची बोटं होती मात्र भक्कम. मुळ्यांसारखी. लग्नाच्या वेळी अंगठी दोनदा वाढवून घ्यावी लागली, तेव्हा सोनार म्हणाला होता, “साहेब, अंगठी करू की बाळाची बांगडी?” त्या बोटांनी मोजलेली पट्टी नियमापेक्षा जरा सैलच बसे. त्याबद्दल शहराबाहेरच्या घोडेस्वारी शाळेचे मास्तर त्यांच्याशी तीस वर्षं भांडले.

“दोनबोटे, एक भोक आत पाडून द्या. एकच!”

“पाडतो. आधी तुमच्या पँटच्या पट्ट्याला पाडतो. तो घालून दिवसभर जेवून दाखवा.”

“माझे घोडे स्पर्धेत तोंड वासतात हो. गुण जातात.”

“मग हात हलका ठेवायला शिकवा पोरांना. तोंड कशाला शिवता?”

“तुमचं बरंय,” मास्तर शेवटी हसून म्हणायचे, “तुम्हाला स्वर्गसुद्धा कायम दोनच बोटं उरलेला.”

दुसऱ्या एका तबेल्यानं एकदा खिळा तापवून आतल्या बाजूला भोक पाडलं होतं. दोनबोट्यांना वाकडी कड दिसली, त्यांनी पट्टी तिथल्या तिथे कापून टाकली आणि पुन्हा त्या फाटकात पाय ठेवला नाही. गिऱ्हाइकं तुटत गेली. बाजारात नवीन कारखान्याच्या पट्ट्या आल्या, दुहेरी ओढायच्या, करकचून कितीही आवळता येणाऱ्या. शेवटी मास्तरांची शाळा तेवढी राहिली. मास्तर भांडायचे, पण त्यांनी दोनबोट्यांना शब्द दिला होता की शाळेत खिळा तापणार नाही. आणि लेक तिथेच कामाला लागली होती.

लेक घोड्यांना खरारा करायची, पाणी दाखवायची, खूर साफ करायची. शिकून-सवरून हे काय करतेस, असं आईनं तिला हजार वेळा विचारलं. रात्री यायला दहा मिनिटं उशीर झाला की आईच्या डोळ्यांसमोर लाथ मारणारा घोडा, मोडलेलं हाड, सगळी चित्रं रांगेत उभी राहायची. लेक दारातूनच ओरडायची, “आई, मेले नाहीये, चहा टाक!”

मग एका वर्षी दोनबोट्यांचं जेवण कमी झालं.

आधी कोणी मनावर घेतलं नाही. त्यांनी तर नाहीच. पोट उतरलं तेव्हा स्वतःच्या पट्ट्याला त्यांनी आतल्या बाजूनं नवीन भोक पाडलं, मग दुसरं, मग तिसरं. “बघ,” बायकोला म्हणाले, “जन्मभर लोकांना नाही म्हटलं, आणि स्वतःवर हात सैल सोडला.” ती हसली नाही. डॉक्टरांनी पोटाच्या तपासण्या लिहून दिल्या, मग आणखी तपासण्या, आणि प्रत्येक वेळी कागदावरून नजर न उचलता म्हणाले, “बघू.” तिला कॉलेजात शिकलेलं फारसं आठवत नव्हतं, पण माणूस ‘बघू’ कधी म्हणतो हे कळायला कॉलेज लागत नाही.

एके दिवशी हात धुताना त्यांची अंगठी गळून मोरीत पडली. तिनं ती तारेनं काढली. ते ओला हात पुढे करून उभे होते, लहान मुलासारखे गोंधळून.

“अशी कशी निसटली गं?”

तिनं त्यांच्या बोटांकडे पाहिलं. पेरांच्या मधली जागा आत गेली होती, कातडी सैल होऊन वर सरकत होती. आणि ती म्हणाली, “अहो, सोनं झिजतं. पस्तीस वर्षं चामड्यावर घासताय. झिजून मोठी झाली.”

“असं होय!” त्यांना पटलं. “म्हणजे अंगठी माझ्याआधी म्हातारी झाली.”

त्यांच्याच कामाचा मेणाचा दोरा घेऊन तिनं अंगठीला आतून चार वेढे दिले. घट्ट बसली. महिन्याभरानं आणखी तीन दिले, ते झोपले असताना. त्यांना कळलं नाही, किंवा कळून घ्यायचं नव्हतं. ती स्वतःशी म्हणाली, एवढीशी थाप, कोणाचं काय बिघडणार आहे त्यात?

त्याच दिवसांत मास्तरांचा निरोप आला. शाळेच्या जुन्या पट्ट्यांचं चामडं तडकलं होतं. अकरा घोडे, अकरा नव्या नाकपट्ट्या.

दोनबोट्यांच्या अंगात बारा हत्तींचं बळ आलं. जुनी मापं फेकून ते प्रत्येक पट्टी कापायच्या आधी तबेल्यात जाऊन बसत, त्या घोड्याच्या नाकावर दोन बोटं ठेवून फीत गुंडाळत. “चामडं नवं तर माप नवं,” हा त्यांचा नियमच होता. असे पाच महिने बाहेरच्या खोलीत चामडं कापायची रापी, टोचायची आरी आणि हातोडी यांचा आवाज येत राहिला. थकले की मेणाच्या गोळ्याशेजारी डोकं टेकायचे, उठून पुन्हा टाके घालायचे. इतके बारीक, सारखे टाके त्यांनी उमेदीतही घातले नव्हते. तिला वाटलं, औषधं करू शकली नाहीत ते हे काम करतंय. दारात उभी राहून ती बघायची आणि देवाला सांगायची, अकरा नको, एकवीस घोडे दे.

पट्ट्या गेल्या. अकराही घोड्यांना चढल्या. मास्तरांनी त्यांना खुर्ची देऊन, पाणी देऊन, सगळ्या मुलांसमोर म्हटलं, “याला म्हणतात हात!” घरी येताना ते चार पावलांवर थांबत होते, पण चेहरा असा की खरंच स्वर्ग दोन बोटं उरलाय.

दोन महिन्यांनी लेक दुपारीच घरी आली. दोनबोटे झोपले होते. तिनं आईला स्वयंपाकघरात ओढलं आणि दार लोटलं.

“आई, पांढऱ्या पायांच्या घोडीच्या नाकावर जखम झालीय.”

“कसली?”

“पट्टीखाली. हाडावरचे केस गेलेत, कातडी सोलवटलीय. मला वाटलं एखादा टाका टोचत असेल. पट्टी काढली, नीट पाहिली. मग परत घालून बोटं घालून बघितली.” लेकीनं आपली दोन बोटं आईसमोर धरली. “जात नाहीत आई. माझी जात नाहीत. एक जातं, दुसरं अडकतं.”

“गालावर घातलीस की नाकावर?”

“आई, मी कोणाची मुलगी आहे?”

आई खाली बसली. समोर ओट्यावर मेणाच्या दोऱ्याची गुंडी पडली होती. कालच अंगठीला आणखी दोन वेढे दिले होते.

“आणि बाकीचे?” तिनं विचारलं.

“सगळे. ज्यांची मापं आधी घेतली त्या पट्ट्या जरा बऱ्या आहेत. शेवटच्या तीन तर...” लेक बोलता बोलता थांबली. “पण बाबा स्वतः मोजून आले होते गं. मी फीत धरली होती. नाकावरच दोन बोटं ठेवली होती त्यांनी.”

“ठेवली होती,” आई म्हणाली. “बोटंच राहिली नाहीत त्यांची.”

तिनं लेकीला अंगठीचं सांगितलं. मोरी, दोरा, सोनं झिजल्याची थाप. लेक म्हणाली, “पोट उतरलेलं कळत होतं की त्यांना. हे कसं नाही कळलं?”

“त्यांच्या लेखी बोटं म्हणजे हाडं. हाडावरचं उतरत नाही. आणि संशय आलाच असता तर मी अंगठीवर ढकलून मोकळी झाले.”

“सांगू या त्यांना.”

“नाही.”

“आई, जन्मभर एका गोष्टीसाठी भांडले ते. त्यांच्याच पट्टीनं...”

“म्हणूनच नाही! काय राहिलंय त्यांच्याजवळ? ना जेवण, ना झोप. तेवढी एक गोष्ट आहे, ती पण काढून घेऊ?” तिचा आवाज चढला, मग बाहेरच्या खोलीकडे पाहून उतरला. “काहीतरी उपाय असेल. तू हुशार आहेस.”

उपाय होता. पट्टीच्या टोकाकडे, बाहेरच्या बाजूला, आणखी एक भोक पाडायचं. सैल करणारं.

पुढच्या तपासणीला दोनबोट्यांना दोन दिवस दवाखान्यात ठेवून घेतलं. त्या दोन दिवसांत आईनं त्यांच्या टेबलावरून भोक पाडायचा पंच आणि हातोडी पिशवीत घातली. जन्मात ती कधी तबेल्यात पाच मिनिटांवर थांबली नव्हती. घोडा फुरफुरला तरी दचकायची. पण मास्तर मुलांना घेऊन मैदानावर गेले असताना ती सामानाच्या खोलीत लाकडी ठोकळ्यावर पट्टी धरून बसली आणि लेकीनं अकरा भोकं पाडली. प्रत्येक ठोक्याला आईला वाटलं, आता कोणी येईल. कोणी आलं नाही. चामड्याच्या अकरा गोल टिकल्या तिनं वेचून रुमालात बांधल्या, आणि घरी येऊन त्या कुठे टाकाव्यात हे न सुचून पिठाच्या डब्यामागे ठेवल्या.

झालं असतं. असंच निभावून गेलं असतं. पण दवाखान्यातून सुटल्यावर दोनबोटे म्हणाले, “मला एकदा माझ्या पट्ट्या बघून यायचंय.” तिनं ऊन सांगितलं, थकवा सांगितला, डॉक्टरांचं नाव पुढे केलं.

“अगं, डॉक्टर ‘बघू’ म्हणतो ना? मग मी पण बघतो.”

ती दोघं शाळेत पोचली तेव्हा मैदानाच्या कडेला पांढऱ्या पायांची घोडी उभी होती. दोनबोटे सावकाश तिच्याजवळ गेले, बक्कलावर अंगठा फिरवला, आणि थांबले. पट्टीला दोन भोकं होती.

“मास्तर!” त्यांचा आवाज फाटला. “तीस वर्षांचा शब्द! मी मरायची तरी वाट बघायची होती!”

मास्तर धावत आले. पट्टी हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली. “मी? अहो दोनबोटे, शुद्धीवर या. मला भोक हवं असतं आत. हे बाहेर आहे. हे पाडून मी काय करू, गळ्यात घालू?”

आजूबाजूची मुलं हसली. दोनबोटे हसले नाहीत. त्यांनी पुन्हा पाहिलं. तीस वर्षांत त्यांच्याकडे लोकांनी आतलं भोक मागितलं होतं. बाहेरचं कोणी मागितलं नव्हतं. त्यांनी बक्कल काढून आपल्या मूळ भोकात लावलं, आणि घोडीच्या नाकाच्या हाडावर दोन बोटं घातली. अलगद गेली. मग त्यांना बोटांखाली ते लागलं: खपली, आणि तिच्याभोवती नवे उगवू लागलेले पांढरे केस. दाबानं कातडी मेली की तिथे पांढरे केस येतात, हे त्यांनीच लेकीला शिकवलं होतं.

“इकडे ये,” ते लेकीला म्हणाले. “तुझी घाल.”

“बाबा, ऊन फार...”

“घाल.”

तिनं घातली. एक गेलं. दुसरं अडकलं. तिनं बोट काढून घेतलं आणि मान खाली घातली.

त्यांनी आपला हात उन्हात धरला, पाठ, तळवा, असा उलटसुलट करून पाहिला, जणू कोणीतरी दुसऱ्याचा हात दुरुस्तीला आणून दिलाय. मग कुंपणाजवळ उभ्या असलेल्या बायकोकडे वळले.

“दोरा कधीपासून गुंडाळतेस?”

तिला खोटं सुचेना. “मोरीत पडली त्या दिवसापासून.”

“पट्ट्यांच्या आधीपासून.”

“हो.”

“म्हणजे सोनं झिजलं नव्हतं.”

ते चिडले असते तर तिला बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त अंगठी काढली, दोऱ्याचे वेढे नखानं मोजायला गेले, चार-पाचावर सोडून दिलं आणि ती खिशात टाकली.

“मास्तर,” ते म्हणाले, “आजपासून सगळ्या पट्ट्या बाहेरच्या भोकात लावा. आतलं माझं चुकलंय.”

मास्तरांच्या कपाळावर आठी होती, पण ती वेगळ्याच हिशोबाची. “थांबा थांबा. म्हणजे दोन महिने माझे घोडे त्या आतल्या भोकात होते?”

“हो.”

“आणि मला वाटत होतं, मुलांचा हात सुधारला! काय शांत चालले हो दोन महिने! एकानं तोंड वासलं नाही. गेल्या स्पर्धेत पहिल्यांदा आपला घोडा तिसरा आला.”

“मास्तर, ती जखम बघा.”

“मलम लावू. जखमा होतातच.” मास्तरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, अगदी मायेनं. “तुम्ही उगाच मनाला लावून घेताय. तीस वर्षं जाड बोटांनी मोजलंत, ते चुकलं होतं. आता बरोबर आलंय. आणि आम्ही काही आवळलं नाही, बरं का. शब्द मोडला नाही. भोक तुमचंच, माप तुमचंच. दोनबोट्यांनी स्वतः मोजून दिलंय!”

दोनबोट्यांनी तोंड उघडलं. पण काय बोलणार? जन्मभर त्यांनी लोकांना हेच सांगितलं होतं: मी मोजलंय, त्यात हात घालू नका.

पट्ट्या परत द्या, मी कापून टाकतो, असंही ते म्हणाले. मास्तर म्हणाले, शाळेच्या आहेत, कशा देऊ. कारखान्याच्या आणल्या तर त्याहून आवळतील पोरं, ते चालेल का?

त्यानंतर ते बाहेरच्या खोलीत बसले नाहीत. रापी गंजू नये म्हणून बायको तिला तेल लावायची, तेवढंच. एकदा त्यांनी अंगठीवरून जुन्या बोटाचा घेर धरून लाकडाचा एक तुकडा तासला, दोन बोटांच्या मापाचा. लेकीनं तो शाळेत खुंटीला टांगला. आठवड्याभरानं तो तिला खाणं ठेवायच्या खोलीत दिसला. खिडकी वाऱ्यानं आपटू नये म्हणून कोणीतरी फटीत ठोकला होता. हे तिनं घरी सांगितलं नाही.

मग दुसऱ्या तबेल्यांतली माणसं येऊ लागली. ज्यांच्या फाटकात दोनबोट्यांनी वीस वर्षांत पाय ठेवला नव्हता, ती. मास्तरांचे घोडे पाहून आली होती. “दोनबोटे मापाची पट्टी मिळेल का? तशीच हवी. एका भोकाची.” बायको दारातूनच त्यांना सांगायची, ते आजारी आहेत. आतून त्यांना सगळं ऐकू जायचं.

लेक रोज पहाटे सगळ्यांच्या आधी पोचायची आणि अकराही पट्ट्या बाहेरच्या भोकात सरकवून ठेवायची. मुलं येईपर्यंत त्या तशाच असायच्या. दुपारी मैदानावर जायच्या आधी मास्तर रांगेनं फिरत आणि एकेक बक्कल आत घेत. दुसऱ्या पहाटे पुन्हा तेच. ती भांडून पाहायची, तर मास्तर म्हणायचे, “पोरी, आता तू बापापेक्षा शहाणी का?”

संध्याकाळी ती आली की दोनबोटे पलंगावरून विचारत, “किती?”

“अकराच्या अकरा सैल केल्या, बाबा.”

खोटं नव्हतं ते. पहाटेपुरतं खरं होतं. ते मान हलवायचे आणि डोळे मिटायचे. आई उशाशी औषधाचा चमचा घेऊन उभी असायची. दुपारचं लेकीनं तिला सांगितलेलं होतं, तरी ती काही बोलायची नाही. असे बरेच दिवस गेले.

एका संध्याकाळी त्यांनी विचारलं, लेकीनं सांगितलं, आणि त्यांनी डोळे मिटले नाहीत. बायकोकडे पाहिलं.

“खरं का गं?”

‘हो’ म्हणायला काय लागत होतं? एक अक्षर. सोनं झिजतं म्हणायला तरी दोन शब्द लागले होते.

“नाही,” ती म्हणाली. “पहाटे ही सैल करते. दुपारी मास्तर परत आत घेतात. रोज.”

लेक “आई!” म्हणून ओरडली आणि बाहेर निघून गेली.

“आधी बोलली असतीस,” दोनबोटे म्हणाले. त्यात राग नव्हता. नुसतीच चूक झालेल्या मापाकडे पाहून बोलतात तसं बोलले, आता चामडं कापून झालंय, काय उपयोग. मग त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

तिनं औषध पुढे केलं. त्यांनी ओठ मिटून घेतले. तिनं पुन्हा चमचा लावला, जरा जोर केला, आणि मग तिचा हात आपोआप मागे आला. बाहेर लेक पहाटेसाठी बूट पुसत बसली होती.